गुलाबी बोंडअळी आणि पेशीच्या दारांची कथा

वाळूज औद्योगिक क्षेत्राला लागून वसलेले बजाजनगर हे मुख्यत्वे कामगारांच्या वस्तीचे नगर होय. 1985 मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग लहानमोठे इतर कारखाने आले आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील व शेजारच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून माणसे येथे येऊन स्थायिक झाली. ह्यांपैकी अनेक कुटुंबांचा गावाशी असलेला संबंध तुटलेला नाही. घरचा एक भाऊ कारखान्यात पाळी करतो, दुसरा गावी शेती पाहतो. आणि त्या शेतात, गंगापूर असो की पैठण, जालना असो की बीड, बहुधा कपाशी उभी असते. दिवाळीच्या सुटीत वेचणीस हात लावावयास कामगार गावी जातो. पुढे डिसेंबर उजाडला की दोन्ही घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. शेवटची वेचणी झाली, झाडे अजून हिरवी आहेत. तेव्हा पऱ्हाटी उपटून रान मोकळे करावे, की एखादे पाणी देऊन फरदड घ्यावी?

हा प्रश्न दिसावयास हिशेबाचा आहे. फरदडीतून चार पैसे मिळतात, पऱ्हाटी उपटावयास मजुरी पडते. परंतु ह्या हिशेबात एक रक्कम धरावयाची राहून जाते. ती रक्कम शेतात दिसत नाही, तर गुलाबी बोंडअळीच्या आतड्यात, डोळ्यांस न दिसणाऱ्या एका सूक्ष्म आवरणात दडलेली आहे. त्या आवरणातील एका प्रथिनाने गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील कपाशीचे गणित बदलून टाकले. हे प्रथिन कोणते, त्याचे कार्य काय आणि शास्त्रज्ञांनी ते कसे ओळखले, हे समजून घेतल्यास डिसेंबरमधील प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

पेशीचे कुंपण व त्यातील दारे

वनस्पती असो, किडा असो वा मनुष्य असो, प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराचे एक पातळ आवरण असते. हे आवरण इतके पातळ असते की, एका मिलिमीटरचे सुमारे दीड लाख भाग केल्यास त्यांपैकी एका भागाएवढी त्याची जाडी भरेल. तेलात मीठ विरघळत नाही हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच कारणाने पाण्यात विरघळलेले क्षार, साखर वा अन्नद्रव्ये ह्या स्निग्ध थरातून सहजासहजी पार होऊ शकत नाहीत. केवळ आवरण असते तर पेशी बंद कोठीप्रमाणे उपाशी मेली असती.

म्हणून निसर्गाने ह्या कुंपणात दारे ठेवली आहेत. ही दारे प्रथिनांची असतात व त्यांस वाहक प्रथिने असे म्हणतात. कारखान्याच्या आवारास जशी वेगवेगळी फाटके असतात, कामगारांसाठी एक, मालमोटारींसाठी दुसरे आणि प्रत्येकावर पहारेकरी, तशीच व्यवस्था पेशीतही असते. ह्या दारांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार अरुंद बोगद्याचा. त्याचे तोंड उघडले की ठराविक पदार्थ आपोआप उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे, वाहू लागतो. दुसरा प्रकार वाहकाचा. तो एका बाजूस पदार्थ धरतो, आपला आकार बदलतो व दुसऱ्या बाजूस पदार्थ सोडतो. तिसरा प्रकार पंपाचा. विहिरीचे पाणी वर चढवावयास जशी वीज खर्ची पडते, तशी पेशीतील ऊर्जा खर्च करून हा पंप पदार्थास चढणीच्या दिशेने ढकलतो.

शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे एक उदाहरण घेऊ. काळ्या भारी जमिनीत दोन-तीन दिवस पाऊस लागून पाणी साचले की, मुळांभोवती पाणीच पाणी असूनही कपाशी माना टाकते. ह्याचे एक कारण मुळांच्या दारांत आहे. मुळांच्या पेशींत पाण्यासाठी खास बोगदे असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्र यांनी 1992 मध्ये प्रथम रक्तपेशींतील असा जलमार्ग ओळखला व त्याबद्दल त्यांस 2003 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींतही हेच जलमार्ग विपुल आहेत. पाणी साचल्याने जमिनीतील हवा निघून जाते, मुळांना प्राणवायू मिळत नाही, पेशींच्या आतील आम्लता वाढते आणि हे जलमार्ग मिटतात. पाणी उंबऱ्याशी असते, परंतु दार बंद असते. म्हणूनच अशा वेळी झाडास आणखी पाणी देणे हा उपाय नसून, चर काढून साचलेले पाणी शेताबाहेर काढणे हाच उपाय होय.

दारांचा अभ्यास कसा करतात?

एवढी लहान वस्तू शास्त्रज्ञ पाहतात तरी कशी, असा प्रश्न साहजिक आहे. वाहक प्रथिने स्निग्ध थरात रुतलेली असल्याने ती तेथून सुटी करणे अत्यंत अवघड असते. त्यासाठी साबणासारख्या द्रव्यांचा उपयोग करून ती अलगद बाहेर काढावी लागतात. नंतर त्यांचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडतात व किरणांच्या विखुरण्यावरून प्रथिनाचा आकार गणिताने काढतात. आवरणात राहणाऱ्या प्रथिनाची अशी संपूर्ण रचना प्रथम 1985 मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी उलगडली. ते प्रथिन प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जीवाणूचे होते. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी पालाशाच्या मार्गाची रचना दाखवून दिली. तो मार्ग पालाशाचे कण वेगाने जाऊ देतो आणि आकाराने लहान असलेले सोडियमचे कण मात्र अडवितो, ह्याचे कोडे त्यामुळे सुटले. अलीकडे प्रथिने अतिशय थंड तापमानात झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत प्रचारात आली आहे. ह्या पद्धतीस 2017 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

रचना कळली म्हणजे अर्धे काम झाले. त्या दाराचे कार्य कोणते हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ दुसरी युक्ती योजतात. ज्या पेशीत ते दार नाही तीत ते बसवून काय बदल होतो हे पाहावयाचे. आणि ज्या जीवात ते आहे त्यातून ते काढून टाकून काय बिघडते हेही पाहावयाचे. गोठ्यातील कोणती कडी कशासाठी आहे हे जसे ती काढून पाहिल्यावर नक्की कळते, तसाच हा प्रकार आहे. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत नेमकी हीच युक्ती उपयोगी पडली.

बीटी कपाशी व अळीचे आतडे

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, संक्षेपाने बीटी, हा मातीत आढळणारा जीवाणू आहे. जपानमध्ये 1901 साली इशिवाता यांस तो रोगट रेशीमकिड्यांत आढळला. पुढे 1911 मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांस तो पिठातील पतंगाच्या अळ्यांत सापडला व त्या प्रांतावरून त्यास नाव मिळाले. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो, ते विशिष्ट किड्यांस विषारी असते. ते प्रथिन बनविण्याची सूचना ज्या जनुकात असते तो जनुक कपाशीच्या झाडात घातला म्हणजे बीटी कपाशी तयार होते.

भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. मराठवाड्याचा ह्या घटनेशी निकटचा संबंध आहे. जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीचे मेक-12, मेक-162 व मेक-184 हे तीन संकरित वाण त्या वेळी प्रथम मंजूर झाले. ह्या वाणांत क्राय-1एसी नावाचे एकच विषप्रथिन होते. 2006 मध्ये क्राय-1एसी व क्राय-2एबी अशी दोन विषप्रथिने असलेली कपाशी आली. अल्पावधीतच तिने जवळजवळ सर्व शिवार व्यापले.

हे विषप्रथिन अळीस मारते कसे, हे पाहण्यासारखे आहे. मनुष्याचे जठर आम्लधर्मी असते, तर बोंडअळीच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असतो. अळीने झाडाचा भाग खाल्ला की विषप्रथिन त्या रसात सक्रिय होते. परंतु सक्रिय झालेले विष आपण होऊन पेशीत शिरू शकत नाही. आतड्याच्या पेशींच्या आवरणावर त्यास धरून ठेवणारी काही प्रथिने असतात. विष त्यांस चिकटते, आवरणात रुतते व तेथे छिद्र पाडते. छिद्रातून पाणी व क्षार आत घुसतात, पेशी फुगून फुटते, अळी खाणे सोडते व मरते. मनुष्याच्या व गुरांच्या आतड्यात ह्या विषास हवी ती कडी नसल्यामुळे त्यांस ते बाधत नाही.

म्हणजे विष ही किल्ली आणि आवरणावरील प्रथिन हे कुलूप असा हा संबंध आहे. क्राय-1एसी ह्या किल्लीसाठी गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिन नावाचे प्रथिन महत्त्वाचे कुलूप ठरते. क्राय-2एबी ह्या किल्लीचे कुलूप मात्र निराळे असते, आणि ते एक वाहक प्रथिन आहे. त्याचे नाव एबीसीए-2. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ऊर्जा खर्चून पदार्थ हलविणाऱ्या प्रथिनांच्या मोठ्या घराण्यात, ते मोडते. ह्या घराण्यातील प्रथिनांचे दोन सारखे अर्धे भाग ओंजळीप्रमाणे समोरासमोर असतात. ऊर्जेचा कण चिकटला की ओंजळ एका बाजूस मिटते व दुसऱ्या बाजूस उघडते. अळी हे दार स्वतःच्या कामासाठी बाळगते. बीटीचे विष त्याच दाराचा गैरफायदा घेऊन आत शिरते.

रेशीमकिड्यावर झालेल्या प्रयोगांनी ह्या गोष्टीस पुष्टी मिळाली आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या ज्या पेशींवर विषाचा परिणाम होत नव्हता, त्यांत रेशीमकिड्याचे एबीसीए-2 बसविताच त्या क्राय-2 जातीच्या विषास बळी पडू लागल्या.

अळीने दार मोडले

गुलाबी बोंडअळी ही भारतास नवीन नाही. 1843 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते भडोच भागातील कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवरून. ही अळी बोंडात राहते, सरकी खाते, रुईस डाग पाडते. तिने पोखरलेली बोंडे नीट उमलत नाहीत व कापसाची कवडी होते. ती बोंडाच्या आत असल्याने फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच झाडाच्या आतच विष असलेली बीटी कपाशी तिच्यावर रामबाण वाटली होती.

परंतु 2010 च्या सुमारास गुजरातेत क्राय-1एसी विषास ही अळी दाद देईनाशी झाली. पुढील चार-पाच वर्षांत दोन विषांच्या कपाशीवरही ती गुजरातेत जिवंत आढळू लागली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील मराठवाडा, विदर्भ व खानदेश ह्या भागांत तिने मोठे नुकसान केले. हजारो शेतकऱ्यांनी उभ्या कपाशीत नांगर घातला. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या अळ्या गोळा करून त्यांची अनेक वर्षे तपासणी केली. ह्या अळीत दोन्ही विषांविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली आहे, असा निष्कर्ष त्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी ह्या प्रतिकारशक्तीचे मूळही उघड झाले. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथे प्रयोगशाळेत मुद्दाम विष चारून निवडलेल्या अळ्या आणि भारतातील शेतांतून आणलेल्या अळ्या यांची तुलना करण्यात आली. दोहोंत एबीसीए-2 ह्या दाराचाच जनुक बिघडलेला आढळला. जनुकातील सूचना तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली असते व पेशी ते तुकडे जोडून एकसंध आज्ञा तयार करते. प्रतिकारक अळ्यांत ही जोडणी करताना सहावा तुकडा गळून पडत होता आणि हा दोष दोन्ही देशांच्या अळ्यांत सापडला. आज्ञेतील एक ओळ गळाली म्हणजे दार अर्धवट बनते, कुलूपच राहत नाही, मग किल्ली लागावी कोठे? 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या अळीतील तो जनुक मुद्दाम बिघडवून पाहिला. त्या अळ्या क्राय-2एबी विषास प्रतिकारक झाल्या. दार मोडूनही अळी मरत नाही, हे त्यात विशेष. कारण घरास इतरही दारे असतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अळी काही विचार करून दार मोडत नाही. कोट्यवधी अळ्यांत एखादीत हा दोष जन्मतःच असतो. सर्वत्र बीटी कपाशीच असली म्हणजे निरोगी दाराच्या अळ्या मरतात, सदोष दाराच्या तेवढ्या उरतात आणि पुढील पिढी त्यांचीच होते.

साधे गणित, मोठा अर्थ

प्रत्येक अळीत ह्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली. दोन्ही प्रती सदोष असतील तरच अळी विष पचविते. एक प्रत जरी चांगली असली तरी दार बनते व विष आत शिरते. समजा, शंभर प्रतींत एक सदोष आहे. तर दोन्ही प्रती सदोष असलेली अळी दहा हजारांत एक सापडेल. दोन निरनिराळी विषे असतील व दोन्हींसाठी हेच प्रमाण असेल, तर दोन्हींतून वाचणारी अळी दहा कोटींत एक निघेल. दोन विषांची कपाशी आणण्यामागे हेच गणित होते.

हे गणित चुकीचे नव्हते. ते अपुऱ्या तयारीने लागू झाले. पहिल्या विषाची कपाशी शिवारात आधीच पसरली होती व त्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढू लागली होती. पहिले कुलूप निकामी झाल्यावर सारा भार दुसऱ्या कुलपावर पडला आणि दहा कोटींचे गणित पुन्हा दहा हजारांवर आले.

प्रतिकारशक्ती लांबविण्यासाठी बीटीच्या 450 ग्रॅम बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे व ते शेताभोवती आश्रयपट्टा म्हणून लावावे अशी शिफारस होती. आश्रयपट्ट्यात निरोगी दाराचे पतंग वाढतात. बीटीतून वाचलेल्या विरळ सदोष पतंगाशी त्यांचा संयोग झाला की संततीस एक चांगली प्रत मिळते व ती संतती बीटीवर मरते. अनेक शेतकऱ्यांनी ते पाकीट बाजूस टाकले. तोट्याचे पीक कोण लावील, हा त्यांचा विचार त्या वेळी चुकीचा वाटला नाही. पण त्याची किंमत सर्व शिवाराने मोजली. पुढे बिगरबीटी बी पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत आली ती ह्याच अनुभवामुळे.

आणखी दोन कारणे घडली. आपल्याकडील बहुतेक बीटी वाण संकरित व दीर्घ मुदतीचे असल्याने झाड सहा-सात महिने उभे राहते. आणि संकरित झाडाच्या बोंडातील सर्व सरक्यांत विष सारखे नसते. अळीस महिनोन्महिने अन्न मिळत राहिले व विषाची सवय लावून घेण्यास जणू शाळाच मिळाली. ह्याउलट अमेरिकेत बीटी कपाशीबरोबर वांझ पतंग सोडणे, पीक वेळेवर काढणे असे उपाय एकत्र योजून 2018 मध्ये ह्या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. कीड तीच आणि दारही तेच; फरक पडला तो सर्वांनी मिळून नियम पाळण्याचा.

आता काय करावे?

मोडलेले दार कोणासही दुरुस्त करता येणार नाही. परंतु अळीची दुसरी एक दुबळी बाजू आहे. तिचे मुख्य अन्न कपाशी हेच होय. शेतात कपाशी नसेल त्या काळात ती सरकीत वा पडलेल्या बोंडात सुप्तावस्थेत दबा धरून बसते. फरदड म्हणजे अळीसाठी उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवलेला शिधा होय. म्हणून आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. पुढील गोष्टींकडे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य लक्ष द्यावे.

1. डिसेंबर अखेरपर्यंत, अगदी उशीर झाला तरी जानेवारीत, वेचणी संपवून पीक काढावे. फरदड घेऊ नये. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चरावयास सोडल्यास हिरवी बोंडे व पाते खाल्ली जातात.

2. पऱ्हाट्या घरामागे किंवा बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवरील किडक्या बोंडांत अळी जिवंत राहते. त्यांचे यंत्राने बारीक तुकडे करून खत करावे व रान खोल नांगरून उन्हाळ्यात तापू द्यावे.

3. मे महिन्यात धूळपेरणी वा पूर्वहंगामी लागवड टाळावी. जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावर सर्व गावाने जवळपास एकाच वेळी, कमी मुदतीचे वाण निवडून लागवड करावी. सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पतंगांस पाते व फुले न मिळाल्यास ते वंश न वाढविता मरतात.

4. लागवडीनंतर सुमारे 45 दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच लावावेत व पतंगांची रोज मोजदाद करावी. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे.

5. फुलोऱ्यात डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या गुंडाळून राहिलेली न उमललेली फुले, दिसताच तोडून अळीसह नष्ट कराव्यात. बोंडे लागल्यावर शेतातून यदृच्छेने वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली असे धरावे.

6. आरंभी 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी व ट्रायकोग्रामा ह्या अंड्यांवरील परोपजीवी किड्याची कार्डे उपयोगी पडतात. रासायनिक औषध कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच निवडावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट कोणीही विसरू नये. तोंडावर मुखवटा, हातात मोजे व अंगभर कपडे घातल्यावाचून आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. औषधे एकमेकांत मिसळू नयेत.

7. जिनिंग कारखान्यांच्या आवारात व कापूस साठविलेल्या घरांतही कामगंध सापळे लावावेत. साठ्यातील सरकीतून निघालेले पतंग आसपासच्या शेतांत पोहोचतात.

कपाशीचे क्षेत्र मोठे असलेल्या गावांत ही कामे एकट्यादुकट्याने करून भागत नाही. पतंगास बांध कळत नाही. दहा शेतकऱ्यांनी रान मोकळे केले आणि अकराव्याने फरदड राखली, तर पुढील हंगामात अळी अकराही शेतांत येते. ग्रामसभेत डिसेंबरची एक तारीख ठरवून त्या आत पऱ्हाटी काढण्याचा निर्णय घेणे, गावासाठी पऱ्हाटी बारीक करण्याचे यंत्र भाड्याने आणणे, सापळ्यांतील पतंगांची संख्या चावडीवरील फळ्यावर रोज लिहिणे, ही कामे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगी आहेत. पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र, नांदेड येथील कापूस संशोधन केंद्र व परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे ह्या बाबतीत मार्गदर्शन मिळू शकते.

बजाजनगरात राहणाऱ्या व गावी शेती असणाऱ्या कुटुंबांवर ह्यात विशेष जबाबदारी येते. मालक दूर असला म्हणजे पऱ्हाटी उपटण्याचे काम मागे पडते, आणि नको असताना फरदड उभी राहते. डिसेंबरमधील एक-दोन सुट्ट्या ह्या कामासाठी राखून ठेवल्यास त्याचा लाभ गावातील प्रत्येक कपाशीवाल्यास होईल. कारखान्यात एका यंत्राचा लहानसा भाग निकामी झाला की सारी साखळी थांबते, हे कामगारास सांगावयास नको. अळीच्या आतड्यातील एका सूक्ष्म दाराच्या बाबतीतही तेच घडले. एका प्रथिनाचा एक तुकडा गळाला आणि लाखो एकरांवरील पिकाचे संरक्षण ढासळले.

विज्ञानाने ते दार शोधून दिले आहे. ज्या अळ्यांत ते मोडले आहे त्या आता प्रयोगशाळेत जनुकावरून ओळखता येतात, आणि नवे वाण व नवे उपाय शोधताना ह्या ज्ञानाचा उपयोग होत राहील. तथापि उद्या कितीही नवी किल्ली आली तरी, ती सर्व शिवारात एकाच वेळी, आश्रयपट्ट्यावाचून व फरदडीसह वापरली गेल्यास अळी तिचेही कुलूप मोडल्यावाचून राहणार नाही. नवी किल्ली प्रयोगशाळेत तयार होईल. ती टिकविण्याचे काम मात्र शेतातच करावे लागेल, आणि त्याचा आरंभ येत्या डिसेंबरात रान वेळेवर मोकळे करण्यापासून करता येईल.